मराठी उतारा आता टेंडरमध्ये अडकलाय

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला चुलत्यांना घेऊन एका सेवा केंद्रात गेलो होतो. काम एवढंच की आधारवरचं नाव आणि जमिनीच्या उताऱ्यावरचं नाव जुळत नव्हतं. चुलत्यांचं नाव ज्योतिबा. आधारवर इंग्रजीत ते जोतिबा झालंय, बँकेच्या पासबुकावर ज्योतिबा आहे आणि उताऱ्यावर कन्नडमध्ये जोतेप्पा. ही चूक कधीची असेल सांगता येत नाही पण वीस वर्षं तरी कागद तसाच निघतोय, दर वेळी चुलते पैसे भरून उतारा घेतात, घडी घालून पिशवीत ठेवतात, सोसायटीत देतात, आणि एकदाही त्यांच्या लक्षात आलं नाही कारण त्यांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही. स्वतःच्या जमिनीवर स्वतःचं नाव काय लिहिलंय हे माणसाला वीस वर्षं कळलं नाही, नुकसानभरपाई अडकली तेव्हा कळलं.

काउंटरवरचा पोरगा चांगला होता. त्याने सगळं नीट बघितलं आणि म्हणाला, "काका, मीपण खानापूर भागातलाच ओ, मराठी शाळेतच शिकलोय, पण काय करू, सिस्टीममध्ये मराठीचं ऑप्शनच नाही, द्यायचं म्हटलं तरी देता येत नाही मला."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि हा सगळा लेख त्या एका वाक्यावर आहे. आपण कर्नाटकातल्या सीमाभागातली मराठी माणसं इतकी वर्षं निवेदनं देत आलोय. डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिसला मोर्चा, तहसीलदारांना निवेदन, पंचायतीच्या पीडीओंना म्हणजे विकास अधिकाऱ्यांना निवेदन, मराठीत कागदपत्रं द्या, मराठीत बोर्ड लावा. १९८६ ला कन्नड सक्तीविरुद्ध आपली माणसं रस्त्यावर उतरली, जीव गेले. त्या काळात कागद माणूस लिहायचा, त्यामुळे माणसाकडे मागणी करणं बरोबर होतं, साहेबाने मनावर घेतलं तर क्लार्क मराठीत लिहून द्यायचा. आमच्या घरी ट्रंकेत आजोबांच्या नावाचा जुना उतारा आहे, मुंबई राज्याच्या वेळचा, सरळ मराठीत. आता कागद माणूस लिहितच नाही, सॉफ्टवेअर छापतं. आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये कुठली भाषा असेल, नाव कसं लिहिलं जाईल, चूक दुरुस्त करायला किती पायऱ्या असतील हे सगळं कधीतरी बेंगळुरात एका टेंडरच्या कागदात नाहीतर त्याच्या आधीच्या फाईलमध्ये ठरून गेलेलं असतं. आपण निवेदन देतो तोपर्यंत त्याला पाच-सात वर्षं झालेली असतात. साहेब निवेदन घेतात, शिक्का मारतात, आणि खरं सांगायचं तर साहेबांच्या हातात काही उरलेलं नसतं.

मी बेळगावात टिळकवाडीत अठरा वर्षं कॉम्प्युटर सर्व्हिसिंगचं काम करतोय, त्यातली बरीच वर्षं सरकारी शाळा, पंचायती, दवाखाने यांची मशीन दुरुस्त करण्यात गेलीत. मोठी टेंडरं मी कधी घेतली नाहीत, घेऊ शकतही नव्हतो, पण ज्यांनी घेतली त्यांच्या हाताखाली सब-कॉन्ट्रॅक्टवर काम केलंय. त्यामुळे सरकार कॉम्प्युटर, प्रिंटर, सॉफ्टवेअर विकत कसं घेतं हे मी खालच्या बाजूने बघितलंय.

कायदा वाईट नाही, हे पहिलं सांगतो. कर्नाटकाने १९९९ ला सार्वजनिक खरेदीत पारदर्शकता आणणारा कायदा केला, केटीपीपी म्हणतात त्याला, २००० पासून तो लागू आहे, आणि तेव्हा बऱ्याच राज्यांकडे असा वेगळा कायदाच नव्हता. नंतर सगळं ऑनलाईन गेलं. केंद्राने २०१६ ला जेम हे सरकारी खरेदीचं ऑनलाईन पोर्टल काढलं. म्हणजे कुणीही बसून बघू शकतं की कुठलं खातं काय घ्यायला निघालंय. पूर्वी टेंडर फॉर्मच मिळायचा नाही, बॉक्समध्ये टाकायला गेलेल्याला गेटवरच अडवायचे, अशा गोष्टी जुन्या कॉन्ट्रॅक्टर लोकांकडून मी ऐकल्यात, ते प्रकार कमी झाले. हे कमी नाही.

लोक चहाच्या टपरीवर म्हणतात की सगळा घोळ एल-वनमुळे होतो, सगळ्यात स्वस्त देईल त्याला काम, मग माल तसाच येणार. मला हे अर्धवट वाटतं. एल-वन हा शेवटचा टप्पा आहे. त्याच्या आधी खातं कागद बनवतं, काय पाहिजे त्याची यादी, अटी, कोण भाग घेऊ शकतो, पैसे कधी मिळणार. मग प्री-बिड मीटिंग होते, त्यात कंपन्या प्रश्न विचारतात, त्यावर दुरुस्ती निघते. मग टेक्निकल बिड उघडतात, त्यात पास झालेल्यांचीच किंमत उघडतात आणि तिथे एल-वन ठरतो. आता यादीतच जे लिहिलेलं नाही ते कुठला कंपनीवाला फुकट देईल, आणि का द्यावं त्याने, त्याने दिलं तर तो एल-टू होईल आणि काम जाईल. म्हणजे जे कागदावर नाही ते सोडून द्यायला आपली पद्धतच त्याला भाग पाडते. म्हणून मी म्हणतो भांडण एल-वनशी करू नका, यादी कोण लिहितं ते विचारा.

यादी कशी लिहितात त्याचा एक अनुभव सांगतो. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अंगाला एक मराठी शाळा आहे, नाव नको. तिथे कॉम्प्युटर लॅब आली. मशीन चांगल्या होत्या, प्रोसेसर चांगला, रॅम चांगली, स्क्रीन मोठी. यादीत प्रोसेसरचा वेगसुद्धा लिहिलेला, बहुतेक ब्रोशरमधूनच उचलला असणार कारण शब्दन् शब्द तोच. पण शाळेला अर्थिंग नव्हतं. अर्थिंगचा खड्डा, त्यात तांब्याची नाहीतर जीआयची पट्टी, मीठ, कोळसा, हे सगळं मिळून त्या लॅबच्या किमतीपुढे काहीच नाही, पण यादीत ते नव्हतं कारण ते इलेक्ट्रिकलचं काम, वेगळ्या हेडखाली येतं. पहिल्या पावसाळ्यात, आणि तिकडचा पाऊस म्हणजे काय ते कणकुंबी-जांबोटीच्या लोकांना विचारा, वीज चमकली आणि चार एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारे भाग, गेले. उरलेल्या मशीनमध्ये दमटपणाने रॅमच्या पट्ट्यांना गंज धरला. मी जाऊन खोडरबरने ते कॉन्टॅक्ट घासून चालू केलेत, मुलं भोवती उभी राहून बघत होती. पण मी दर महिन्याला चाळीस-पन्नास किलोमीटर जाऊ शकत नव्हतो आणि कॉन्ट्रॅक्टरचा सर्व्हिस सेंटर होता हुबळीत. हेडमास्तरांनी शेवटी लॅबला कुलूप लावलं. त्यांना दोष देता येत नाही, मशीन डेड स्टॉक रजिस्टरला चढलेलं, काही फुटलं तुटलं तर ऑडिटला उत्तर त्यांनीच द्यायचं. कुलूप लावलेल्या मशीनबद्दल ऑडिट कुणाला विचारत नाही, वापरताना बिघडलेल्या मशीनबद्दल विचारतं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते, कारण त्या मुलांनी कॉम्प्युटर बघितला तो काचेतून.

यूपीएसच्या बॅटरीचंही तेच. बारा व्होल्टची ती सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी आपल्याकडच्या विजेच्या खेळखंडोब्यात दोन-तीन वर्षांत बसते, हे धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण बऱ्याच टेंडरमध्ये वॉरंटी मशीनला असते, बॅटरीला वेगळी आणि कमी असते किंवा नसतेच. मग तिसऱ्या वर्षापासून यूपीएस म्हणजे नुसता डबा. प्रिंटर स्वस्त घ्यायचा आणि टोनर महाग, पाच वर्षांत टोनरवर प्रिंटरच्या कितीतरी पट पैसे जाणार, पण तुलना फक्त प्रिंटरच्या किमतीची. घरात कुणी गाडी घेताना ॲव्हरेज विचारल्याशिवाय घेत नाही, आणि सरकार आपल्या पैशाने घेताना विचारत नाही.

छोट्या खरेदीत तीन कोटेशनची पद्धत असते, आणि इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. सुरुवातीच्या काळात मी स्वतः दुसऱ्याच्या सांगण्यावरून जास्त दराची कोटेशनं छापून दिलीत, लेटरहेड माझं, आकडा त्याचा, म्हणजे त्याचाच दर सगळ्यात कमी दिसेल. सगळे देतात म्हणून दिली. ते चुकीचं होतं. त्यामुळे ज्या पंचायतीने जादा पैसे मोजले तिथे माझ्याच नात्यातली माणसं राहतात. तीन कोटेशन म्हणजे स्पर्धा हा जो समज आहे तो आतून बघितलेल्या माणसाला पटत नाही, म्हणून हे सांगितलं.

आता सॉफ्टवेअरकडे येतो, कारण मशीन निदान डोळ्याला दिसतं, कुलूप दिसतं. सॉफ्टवेअर दिसत नाही. सॉफ्टवेअरच्या टेंडरमध्ये कामाची व्याप्ती लिहिलेली असते, त्याच्या बाहेरचं काहीही मागितलं की कंपनी म्हणते ही चेंज रिक्वेस्ट आहे, इतके माणूस-महिने लागतील, इतके पैसे. कंपनीचं चुकतंय असं नाही, करार तसाच आहे. म्हणजे "नाव आणि मजकूर कन्नडबरोबर आणखी एका लिपीत छापता आला पाहिजे" ही एक ओळ सुरुवातीला टाकली तर ती सगळ्या कंपन्यांच्या किमतीत मुरून जाते, स्पर्धा असते म्हणून कुणी जास्त लावू शकत नाही. तीच ओळ पाच वर्षांनी मागितली तर समोर एकच कंपनी असते आणि ती सांगेल तो भाव. मग फाईलवर शेरा पडतो, खर्च जास्त, सध्या शक्य नाही. आपल्याला वाटतं मराठीला नकार दिला. खरं म्हणजे पाच वर्षांपूर्वी कुणी ती ओळ मागितली नव्हती.

आणि हे काम तांत्रिकदृष्ट्या किती अवघड आहे तेही बघा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. देवनागरीतल्या क चा नंबर २३२५, कन्नडमधल्या क चा ३२२१, फरक ८९६. देवनागरी ळ २३५५, कन्नड ळ ३२५१, फरक तोच ८९६. भारतीय लिपींची मांडणी मुद्दाम एकाच क्रमाने ठेवलेली आहे, युनिकोडच्या आधीच्या इस्की या भारतीय कोडमध्येही तशीच होती. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए, ऱ्हस्व ओ वेगळे आहेत, अशा दोन-चार जागा सांभाळाव्या लागतात, पण बाकी नाव एका लिपीतून दुसऱ्या लिपीत नेणं म्हणजे वजाबाकी आहे. इथल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजमधला दुसऱ्या वर्षाचा मुलगा एका दुपारी करून दाखवेल. फॉर्मवरचे मथळे, सर्व्हे नंबर, क्षेत्र, खातेदार, पीक, बोजा, हे शब्द मराठी शेतकऱ्याला पिढ्यान्पिढ्या माहीत आहेत, त्यांचं भाषांतर एकदाच करायचं असतं.

कुणी म्हणेल हे बोलायला सोपं. तर पलीकडे महाराष्ट्रात जाऊन बघा, फार लांब नाही. महाभूलेखच्या वेबसाईटवर सातबारा बघताना भाषा निवडायची सोय आहे, बऱ्याच भारतीय भाषा आहेत, कन्नडसुद्धा. जत नाहीतर अक्कलकोटचा कन्नड शेतकरी आपला सातबारा आपल्या लिपीत वाचू शकतो. तिथल्या कन्नड माणसाच्या बाकी तक्रारी संपल्या असं मी म्हणत नाही, पण एवढं झालं, आणि महाराष्ट्राची मराठी त्यामुळे बुडाली नाही.

कर्नाटकाचं भूमी हे काम तर सगळ्या देशाने बघायला यावं असं होतं. २००१ च्या सुमारास सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे २ कोटी उतारे कॉम्प्युटरवर आणले, हाताने लिहिलेल्या उताऱ्याला मान्यता बंद केली, पंधरा रुपयांत काउंटरवर उतारा. तलाठ्याच्या मागे फिरणं, हातावर पैसे ठेवणं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा भूमीची किंमत. आणि ते सॉफ्टवेअर एनआयसीने, म्हणजे सरकारच्याच संस्थेने बनवलं, कोड सरकारचा, डेटा सरकारचा. त्यामुळे त्यात दुसरी लिपी घालायला कुणा खाजगी कंपनीची परवानगी लागायचं कारण नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्यातले काही लोक भूमी वाईट म्हणून मोकळे होतात. चांगल्या गोष्टीत एक दार ठेवायचं राहिलं, एवढीच माझी तक्रार आहे, आणि ते दार आजही ठेवता येतं.

दार बंद झालं की काय होतं त्याचा अनुभव कन्नड भाषेलाही आहे. कन्नडसाठी सरकारने नुडी हे सॉफ्टवेअर पुढे आणलं, चांगल्या हेतूने, फुकट दिलं. पण त्याच्या जुन्या एन्कोडिंगमध्ये टाईप केलेली फाईल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की नुसती अगम्य अक्षरं दिसतात, शोधलं तर सापडत नाही, कॉपी केलं तर बिघडतं. आपल्या मराठी छापखान्यांतपण श्रीलिपी फॉन्टच्या फाईलींचं तेच आहे, गणपत गल्लीतल्या कुठल्याही डीटीपीवाल्याला विचारा. युनिकोड १९९१ पासून आहे. केंद्राने २०१० ला ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण केलं, २०१५ ला ओपन सोर्सचं, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचं, धोरण आणलं, त्यात म्हटलंय की प्रस्ताव मागवतानाच ओपन सोर्सचा विचार करायची अट कागदात घालावी, आणि वापरणार नसाल तर कारण द्यावं. राज्यांनी ते घ्यावं की नाही ते राज्यांवर सोडलंय. केरळने शाळांमध्ये आधीपासूनच लिनक्स ही अशीच ओपन सोर्स सिस्टीम आणली, दहावीची आयटीची परीक्षासुद्धा त्यावर घेतात, मल्याळममध्ये. त्यांच्या शिक्षकांनाच दुरुस्तीचं ट्रेनिंग दिलं. आमच्या जांबोटीच्या हेडमास्तरांसारखं कुलूप लावायची वेळ त्यामुळे कमी येते.

"सिस्टीममध्ये असंच दाखवतंय" हे वाक्य आपण रोज ऐकतो, आणि बहुतेक वेळा मान खाली घालून परत येतो. इंग्लंडमध्ये पोस्टाने होरायझन नावाची हिशेबाची सिस्टीम आणली, फुजित्सू कंपनीची, १९९९ च्या सुमारास. सिस्टीम हिशेबात तूट दाखवायची, पोस्टमास्तर म्हणायचे आम्ही पैसे घेतले नाहीत, पोस्ट म्हणायचं सिस्टीम चुकत नाही. नऊशेच्या वर माणसांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे गुन्हे शाबित झाले, काही तुरुंगात गेली, कित्येकांची घरं गेली, आणि चूक सिस्टीमचीही होती हे कोर्टात ठरायला २०१९ उजाडलं. आतलं बघायची सोय खालच्या माणसाला ठेवलेलीच नव्हती. आपल्याकडेही त्याच २०१९ साली राज्याच्या ई-प्रोक्युरमेंट पोर्टलमधून ठेकेदारांच्या बयाण्याच्या पैशातले साडेअकरा कोटींच्या घरातले पैसे हॅकरनी काढले, गुन्हा सीआयडीकडे गेला. म्हणजे ज्या यंत्रणेतून खरेदी होते ती यंत्रणाही कुणीतरी कधीतरी खरेदी केलेली आहे. जोतेप्पाचं ज्योतिबा करायला चुलत्यांना प्रतिज्ञापत्र, गावातले साक्षीदार, तीन फेऱ्या आणि दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागली, आणि चूक करणाऱ्याला काहीच नाही. सिस्टीम चुकू शकते हे टेंडरमध्येच गृहीत धरलं पाहिजे, दुरुस्तीचा रस्ता सोपा असला पाहिजे, आणि किती दुरुस्त्या किती दिवसांत झाल्या याचा आकडा कंपनीच्या बिलाला जोडला पाहिजे.

२०२१ ला महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, आठवत असेल. दोन जीबी रॅमचे फोन, त्यावर पोषण ट्रॅकर चालायचं नाही, अडकायचं, आणि ॲप इंग्रजीत. चंदगड-गडहिंग्लजकडची माझी एक मावसबहीण सेविका आहे, ती म्हणाली, "दादा, फोन घेताना आम्हाला एकदा तरी विचारायचं होतं, आम्ही सांगितलं असतं की वजनाची नोंद करताना एका हातात बाळ असतंय." खरेदी समितीत आयटीचा माणूस असतो, फायनान्सचा असतो, खात्याचा असतो. जी बाई ते वापरणार ती नसते.

आता मुख्य आक्षेपावर येतो. कर्नाटकाची राजभाषा कन्नड, १९६३ चा कायदा आहे, मग सॉफ्टवेअर कन्नडमध्येच असणार, तुम्हाला मराठी पाहिजे तर महाराष्ट्रात जा. हे तोंडावर ऐकलेलं आहे आपण सगळ्यांनी. कुठलं गाव कुठल्या राज्यात हा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, माझी मतं मला आहेत, पण माझे चुलते त्या निकालापर्यंत चुकीचा उतारा घेऊन बसू शकत नाहीत. आणि घटनेचं ३५० वं कलम सांगतं की कुणीही आपलं गाऱ्हाणं केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडू शकतं. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी व्यवस्था मान्य झाली त्यात हेही आहे की जिथे अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत. बेळगाव, खानापूर, निपाणी इथे हा निकष कसा लागतो ते वेगळं सांगायला नको. कन्नड वर राहू दे, मोठ्या अक्षरात राहू दे, कायदेशीर मजकूर कन्नडचाच धरा. खाली दुसऱ्या लिपीत नाव छापा. कुणाचं काय गेलं?

आणि माझ्या कन्नड मित्रांनाही मी हेच सांगतो. केंद्राची ॲपं, बँकेचे फॉर्म, रेल्वेचे मेसेज इंग्रजी-हिंदीत येतात तेव्हा तुम्ही चिडता, आणि तुमचं बरोबर आहे. तुमची मागणी आणि माझी मागणी टेंडरमध्ये एकाच ओळीत बसते, की सिस्टीम बहुभाषिक असली पाहिजे, भाषा वाढवायचा अधिकार खात्याकडे असला पाहिजे, कंपनीकडे नाही. बिदरकडे भालकी-औरादला मराठी, तिकडे कोलारला तेलुगू, सगळ्यांना हीच ओळ लागणार.

मग करायचं काय. निवेदनं थांबवा असं मी म्हणणार नाही, ती आपली सवयही आहे आणि हक्कही. पण त्यातलं एखादं योग्य वेळी योग्य टेबलावर जाऊ दे. राज्याच्या खरेदी पोर्टलवर टेंडर नोटिसा कुणालाही बघता येतात. महसूल, पंचायत राज, शिक्षण, महिला-बालकल्याण, या खात्यांची सॉफ्टवेअरची आणि मोबाईलची टेंडरं कधी निघतात यावर दोन-तीन माणसांनी नजर ठेवली तरी पुरे. प्री-बिडच्या आधी लेखी प्रश्न पाठवायचे. नियमाने ते बिडरसाठी असतात हे मला माहीत आहे, म्हणून एखाद्या स्थानिक छोट्या कंपनीला बरोबर घ्यावं लागेल, किंवा खात्याला वेगळं पत्र द्यावं लागेल. जुने करार माहितीच्या अधिकारात मागवा, कर्नाटकात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, त्यामुळे नेमकं विचारायची शिस्त लागते: सोर्स कोड कुणाचा, डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये परत मिळणार, देखभाल किती वर्षं, सर्व्हिस सेंटर किती लांब. स्मार्ट सिटीत २०१६ ला पहिल्या २० शहरांत बेळगावचं नाव आलं, ते मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं, आता त्यात उभी केलेली यंत्रणा चालती ठेवायचे करार काय आहेत हा प्रश्नही १५० शब्दांत मावतो. हिवाळी अधिवेशन सुवर्ण विधानसौधमध्ये आपल्या दारात भरतं. आपण दरवर्षी त्याच वेळी भरवायच्या मराठी महामेळाव्याच्या परवानगीवरून अडून बसतो, ते असू दे, पण एखाद्या आमदाराच्या हातात, तो कुठल्या पक्षाचा का असेना, टेंडरच्या नेमक्या अटीबद्दलचा एक तारांकित प्रश्न आपण आजवर दिलेला मला आठवत नाही.

माणसं आहेत आपल्याकडे. व्हीटीयू हे तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून इथे बेळगावात आहे, दरवर्षी किती मुलं बाहेर पडतात आणि पुण्याला, बेंगळुरूला जाऊन हीच सॉफ्टवेअरं बनवतात. इथल्या इथे देखभालीचं काम त्यांना मिळू शकतं, पण टेंडरमध्ये उलाढालीची अट कोटींमध्ये असते, त्यामुळे काम मोठी कंपनी घेते आणि आमच्यासारखे तिसऱ्या हाताने, चौथ्या भागाच्या पैशात करतात. स्टार्टअप आणि लघुउद्योगांना सवलती द्यायची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. देखभालीचं काम तालुक्यापुरतं वेगळं काढलं तर खानापूरचा पोरगा खानापुरात राहील आणि जांबोटीची लॅब दुसऱ्या दिवशी चालू होईल.

आम्ही चारजण सध्या दर रविवारी माझ्या दुकानात बसतोय. एक रिटायर्ड क्लार्क, एक फायनल इयरची मुलगी, एक हायस्कूलचे कन्नड मास्तर आणि मी. एका खात्याचा जुना प्रस्ताव-मागणीचा कागद समोर ठेवून वाचायला शिकतोय, शंभराच्या वर पानं आहेत, मुलगी तांत्रिक भाग समजावते, क्लार्क काका कुठल्या वाक्यात खात्याने आपले हात सोडवून घेतलेत ते दाखवतात. पुढच्या टेंडरसाठी आमचा पहिला प्रश्न तयार झालाय, नागरिकाचं नाव त्याने सांगितलेल्या आणखी एका लिपीत साठवायची आणि छापायची सोय असेल का. तो कन्नडमध्ये लिहिलाय, कारण खात्यात तो तसाच वाचला जाईल. माझं कन्नड बोलण्यापुरतं आहे, मास्तरांनी बसून सगळं तपासलं, दोन शब्द बदलले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने खाली दुसरा प्रश्न लिहिला. त्यांच्या शाळेतल्या लॅबचे यूपीएस गेल्या वर्षापासून बंद आहेत, म्हणून, बॅटरी बदलायचा खर्च कुणाचा.